इंजिन पुन्हा बांधता येते, धावपट्टी नाही

अमेरिकेतील जॉर्जिया राज्यात २०२१च्या मे महिन्यात दोन घटना एकापाठोपाठ घडल्या. राज्याचे गव्हर्नर ब्रायन केम्प यांनी सार्वजनिक रस्त्यांवरील मोटारशर्यतींना आळा घालणाऱ्या कायद्यावर स्वाक्षरी केली. अशा शर्यतीत भाग घेणाऱ्यांना तुरुंगवास, त्या भरवणाऱ्यांवर खटला आणि वारंवार गुन्हा करणाऱ्याचे वाहन जप्त करण्याची तरतूद त्यात आहे. त्याच सुमारास अटलांटा शहरापासून सुमारे ११० किलोमीटरवरील कॉमर्स या गावी ‘अटलांटा ड्रॅगवे’ या धावपट्टीवर अखेरची राष्ट्रीय स्पर्धा पार पडली. १९७५पासून चालत आलेली ही धावपट्टी विकण्याचा निर्णय तिच्या मालक संस्थेने आधीच जाहीर केला होता. वर्ष संपण्यापूर्वी ती कायमची बंद झाली. रस्त्यावर शर्यत लावू नका, असे सरकारने ज्या महिन्यात बजावले, त्याच महिन्यात रस्त्याबाहेर शर्यत लावण्याची राज्यातील एक मोठी जागा निरोप घेत होती.

या दोन घटनांमध्ये थेट कार्यकारणसंबंध जोडणे घाईचे ठरेल. करोनाकाळात ओस पडलेल्या रस्त्यांवर वेगाचा जो उन्माद अमेरिकेच्या अनेक शहरांत दिसला, त्याची कारणे वेगळी होती. तरीही या योगायोगाने एक जुना प्रश्न पुन्हा समोर आणला. धोकादायक असला तरी कायदेशीर असलेल्या छंदाला समाजाने जागा द्यावी की नाही, आणि द्यायची तर कोणत्या अटींवर, हा तो प्रश्न होय. त्याचा सर्वाधिक फटका बसतो आहे तो १९६०च्या आणि १९७०च्या दशकांतील ‘मसल कार’ जपणाऱ्या, त्यांची इंजिने स्वतःच्या हातांनी बांधणाऱ्या आणि सुटीच्या दिवशी त्या धावपट्टीवर पळवणाऱ्या हौशी मंडळींना. नियतकालिकांतून झळकणारे व्यावसायिक शर्यतपटू प्रायोजकांच्या पैशावर दुसऱ्या राज्यात जाऊ शकतात. पगारावर संसार करून उरलेल्या पैशात इंजिन बांधणाऱ्या माणसाला मात्र जवळची धावपट्टी गेली की पर्याय उरत नाही.

रस्त्यावरून धावपट्टीकडे

ड्रॅग शर्यतीचे स्वरूप अत्यंत साधे आहे. सरळ रेषेतील पाव मैलाचे, म्हणजे सुमारे ४०२ मीटरचे अंतर, शेजारी शेजारी उभ्या दोन मोटारी आणि स्थिर अवस्थेतून घेतलेली झेप. वळण नाही, फेऱ्या नाहीत. काही सेकंदांत निकाल. या साधेपणामुळेच ही शर्यत कोणत्याही मोकळ्या रस्त्यावर लावता येते आणि त्यातच तिचा धोका आहे. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या कॅलिफोर्नियात युद्धावरून परतलेल्या, यंत्रांची जाण आलेल्या तरुणांनी स्वस्तातल्या जुन्या गाड्या विकत घेतल्या, त्यांची इंजिने सुधारली आणि त्या कोरड्या तळ्यांच्या विस्तीर्ण पात्रांत, तसेच सर्रास शहरांच्या रस्त्यांवरही पळवल्या. अपघात वाढले, वृत्तपत्रांनी झोड उठवली आणि ‘हॉट रॉड’ हा शब्द गुंडगिरीला पर्याय म्हणून वापरला जाऊ लागला.

या परिस्थितीतून मार्ग निघाला तो केवळ पोलिसी बडग्याने नव्हे. १९५०मध्ये सांता ॲना येथील विमानतळाच्या धावपट्टीवर रविवारी रीतसर शर्यती भरू लागल्या. प्रवेशशुल्क होते, वेळ मोजणारी यंत्रे होती आणि गाडीची तपासणीही होती. पुढच्याच वर्षी ‘हॉट रॉड’ मासिकाचे संपादक वॉली पार्क्स यांनी ‘नॅशनल हॉट रॉड असोसिएशन’ची स्थापना केली. या तरुणांना रस्त्यावरून हटवून शिस्तीच्या चौकटीत आणणे, हे तिचे उघड उद्दिष्ट होते. १९५४मध्ये संघटनेचे एक छोटे पथक गावोगावी फिरू लागले. स्थानिक पोलीस, व्यापारी आणि मोटार क्लब यांना एकत्र बसवून सुरक्षित शर्यत कशी भरवावी, याचे प्रात्यक्षिक ते देत असे. १९५५ची पहिली राष्ट्रीय स्पर्धा कॅन्ससमधील ग्रेट बेंड येथे झाली, तीही युद्धकाळात बॉम्बफेकी विमानांसाठी बांधलेल्या विमानतळावर. युद्धाने मागे ठेवलेल्या ओसाड धावपट्ट्या आणि रस्त्यावर मोकाट सुटलेले तरुण यांची सांगड घालणारी ही कल्पना वस्तुतः सार्वजनिक सुरक्षिततेची योजना होती. खेळ म्हणून तिला प्रतिष्ठा मिळाली ती नंतर.

एका दशकाचे वैभव

धावपट्ट्या उभ्या राहिल्या आणि डेट्रॉइटच्या कारखानदारांना तेथे बाजारपेठ दिसली. अमेरिकी मोटार उत्पादकांच्या संघटनेने १९५७मध्येच शर्यतींपासून दूर राहण्याचा ठराव केला होता. पण तो कागदावरच होता. १९६३च्या प्रारंभी जनरल मोटर्सने मात्र आपल्या सर्व विभागांना शर्यतींतून अंग काढून घेण्यास बजावले. शर्यतीत नाव कमावलेल्या पाँटिॲक विभागापुढे पेच उभा राहिला. त्या विभागाचे तेव्हाचे मुख्य अभियंता जॉन डीलोरियन आणि त्यांचे सहकारी यांनी त्यावर काढलेला तोडगा इतिहास घडवून गेला. ‘टेम्पेस्ट’ या मध्यम आकाराच्या गाडीत मोठ्या गाडीचे ३८९ घन इंचांचे, म्हणजे सुमारे ६.४ लिटरचे इंजिन बसवायचे. मात्र कंपनीच्या अंतर्गत नियमांत अडकू नये म्हणून ते स्वतंत्र गाडी म्हणून न विकता सुमारे ३०० डॉलरचा जादा पर्याय म्हणून द्यायचे. १९६४ची ‘पाँटिॲक जीटीओ’ ती हीच. पहिल्याच वर्षी ३२ हजारांहून अधिक ग्राहकांनी हा पर्याय घेतला.

त्यानंतरची सहा-सात वर्षे ही अश्वशक्तीची उघड चढाओढ होती. क्रायसलरचे ४२६ घन इंचांचे ‘हेमी’ इंजिन १९६४मध्ये शर्यतीच्या मैदानात उतरले आणि १९६६मध्ये सर्वसामान्य ग्राहकाच्या गाडीतही आले. १९७०च्या ‘शेव्हेल’ गाडीत शेवरोलेने ४५४ घन इंचांचे, ४५० अश्वशक्तीचे इंजिन दिले. त्या काळाच्या पद्धतीनुसार हा आकडा पंखा, सायलेन्सर इत्यादी भार न जोडता काढलेला असे, हे खरे. तथापि एका सामान्य कामगाराच्या मुलाला कर्ज काढून विकत घेता येईल अशा किमतीत एवढी ताकद त्यापूर्वी कधी मिळाली नव्हती.

हे वैभव जितक्या वेगाने आले तितक्याच वेगाने ओसरले. १९७०च्या अखेरीस राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी ‘क्लीन एअर ॲक्ट’वर सही केली आणि गाडीच्या धुरातील प्रमुख प्रदूषके ९० टक्क्यांनी घटवण्याचे बंधन उत्पादकांवर आले. तरुण चालकांच्या वेगवान गाड्यांवर विमा कंपन्यांनी जबर हप्ते लावले. १९७१पासून जनरल मोटर्सने इंजिनांचा दाबगुणोत्तराचा आकडा खाली आणला, १९७२पासून अश्वशक्ती भारासह मोजली जाऊ लागली आणि १९७३च्या तेलसंकटाने उरलेसुरले अवसान घालवले. ‘हेमी’ १९७१मध्ये थांबले, ‘जीटीओ’ १९७४मध्ये. एका दशकात जन्मलेल्या आणि त्याच दशकात संपलेल्या या गाड्यांची संख्या त्यामुळे कायमची ठरून गेली. जी शिल्लक आहेत, तीच पुन्हा पुन्हा बांधायची आहेत.

इंजिन खोलल्यावर

हे ‘पुन्हा बांधणे’ म्हणजे नेमके काय, हे समजून घेतल्याशिवाय आजच्या वादाचे मर्म कळत नाही. पन्नास-साठ वर्षांचे व्ही-८ इंजिन खोलले, की सिलिंडरच्या भिंती झिजून किंचित अंडाकृती झालेल्या आढळतात. त्या बोअर करून पुन्हा गोल कराव्या लागतात. साधारणतः व्यास ०.०३० इंच, म्हणजे पाऊण मिलिमीटर वाढवून मोठ्या मापाचे पिस्टन घातले जातात. प्रत्येक बांधणीत असे थोडे लोखंड जाते. भिंत पातळ होत जाते आणि एका मर्यादेनंतर ब्लॉक निकामी होतो. कसबी कारागीर होनिंग करताना हेडच्या जागी एक जाड पोलादी पाट बोल्टांनी आवळतो. कारण हेड आवळल्यावर सिलिंडरचा आकार इंचाच्या हजाराव्या भागाइतका बिघडतो आणि तो बिघाड गृहीत धरूनच भिंत घासावी लागते. क्रँकशाफ्टमध्ये डोळ्यांना न दिसणारी भेग आहे का, हे चुंबकीय चाचणीने पाहिले जाते. मुख्य बेअरिंगे एका रेषेत आहेत का, हे तपासून लाइन होनिंग होते. पिस्टन, कनेक्टिंग रॉड आणि क्रँक यांचे वजन ग्रॅममध्ये जुळवले जाते. क्रँक आणि बेअरिंग यांच्यात तेलासाठी सोडायची फट साधारणतः माणसाच्या केसाच्या जाडीएवढी असते. ती कमी पडली तर बेअरिंग जळते, जास्त झाली तर तेलाचा दाब कोसळतो.

या कामात चूक सुधारण्याची संधी क्वचितच मिळते. जुन्या पद्धतीच्या सपाट टॅपेटचा नवा कॅमशाफ्ट बसवला, की इंजिन सुरू झाल्यापासून पहिली वीस-पंचवीस मिनिटे त्याचे भवितव्य ठरवतात. इंजिन मिनिटाला सुमारे दोन हजार फेऱ्यांवर अखंड चालवावे लागते, म्हणजे तेल सर्वत्र उडते आणि कॅम व टॅपेट एकमेकांना जुळून बसतात. आधुनिक गाड्यांतील कॅटॅलिटिक कन्व्हर्टर खराब होऊ नये म्हणून बाजारातील इंजिन ऑइलमधील जस्त-फॉस्फरसाचे संयुग कमी करण्यात आले. नेमके तेच संयुग या जुन्या कॅमचे संरक्षण करीत असे. परिणामी योग्य तेल न निवडल्यामुळे हजारो डॉलर खर्चून बांधलेली इंजिने पहिल्या तासाभरात वाया गेल्याच्या कहाण्या या क्षेत्रात सर्वतोमुखी आहेत.

असे काम करणारी यंत्रशाळा आज अमेरिकेत शोधावी लागते. आधुनिक इंजिने अधिक टिकतात, आणि बिघडलीच तर दुरुस्त न होता आख्खी बदलली जातात. त्यामुळे बोअरिंग आणि क्रँक ग्राइंडिंग करणाऱ्या गल्लीबोळांतील कारखान्यांचे रोजचे काम आटले. शाळांमधील हस्तव्यवसायाचे वर्ग बंद पडत गेले आणि शिकाऊ पोरांची परंपरा तुटली. कॅन्ससमधील मॅक्फर्सन कॉलेजात १९७६पासून जुन्या मोटारींच्या पुनर्बांधणीचे शिक्षण दिले जाते आणि त्यात चार वर्षांची पदवीही मिळते. पण एवढ्या मोठ्या देशात असा अपवाद दाखवावा लागणे यातच परिस्थितीचे गांभीर्य आहे. या कारागिरांचे पोट आता प्रामुख्याने भरते ते हौशी शर्यतपटूंवर. धावपट्टी बंद झाली की तिच्या परिसरातील यंत्रशाळेचेही गिऱ्हाईक संपते आणि त्या हातांतले ज्ञान कोणाला न देता निघून जाते.

संग्रहालय की शर्यत?

यावर एक आक्षेप सहज घेतला जातो. या गाड्या एवढ्या मौल्यवान असतील तर त्या संग्रहालयात ठेवाव्यात, पळवायच्या कशाला? बाजाराचा कल तर तिकडेच आहे. १९७१ची ‘प्लिमथ हेमी कुडा’ ही उघड्या छताची दुर्मीळ गाडी २०१४मध्ये ३५ लाख डॉलरला विकली गेली. कारखान्यातून आलेले मूळ इंजिन गाडीत असणे आणि त्यावरील क्रमांक गाडीच्या क्रमांकाशी जुळणे, याला लिलावात प्रचंड किंमत आहे. त्यामुळे अनेक मालक मूळ इंजिन उतरवून सुरक्षित ठेवतात आणि शर्यतीसाठी दुसरे बांधतात. केवळ वेगाचाच प्रश्न असता तर हा सारा खटाटोप व्यर्थ ठरला असता. १९७०ची सर्वोत्तम मसल कार पाव मैलाला तेरा-चौदा सेकंद घेत असे. आजची विजेवर चालणारी ‘टेस्ला मॉडेल एस प्लेड’ ही चार दारांची गाडी तेच अंतर सव्वानऊ सेकंदांच्या आसपास कापते, तेही फारसा आवाज न करता. फोर्डने २०२०मध्ये सादर केलेल्या विजेवरील ‘मस्टँग कोब्रा जेट १४००’ या प्रायोगिक गाडीने ८.२७ सेकंदांची नोंद केली.

म्हणजे जुन्या गाडीने नव्या गाडीला हरवावे, अशी अपेक्षा कोणीच करीत नाही. मिशिगनमधील स्टँटन येथे १९९०च्या दशकात सुरू झालेल्या ‘प्युअर स्टॉक’ मसल कार स्पर्धेचे स्वरूप या दृष्टीने उद्बोधक आहे. गाडी कारखान्यातून जशी बाहेर पडली तशीच, मूळ धाटणीचे कार्ब्युरेटर, मॅनिफोल्ड आणि अरुंद टायर यांसह उतरवायची. साधारण सारख्या वेळेच्या दोन गाड्यांची जोडी लावायची आणि तीनपैकी दोन फेऱ्या जिंकणारा विजयी. येथे कस लागतो तो बांधणाऱ्याच्या हाताचा. नियमात राहून कोणी किती अचूक जुळणी केली, याचा निवाडा दुसऱ्या कोणत्याही मार्गाने होत नाही. उभ्या इंजिनावरची चकाकी खोटी असू शकते. पूर्ण भाराखाली धावलेल्या इंजिनाची वेळ खोटे बोलत नाही. कारागिरीची परीक्षा घेणारी ही जागा आहे आणि म्हणूनच संग्रहालय तिची जागा घेऊ शकत नाही.

धावपट्टीखालची जमीन

अशा जागा मात्र एकामागून एक मिटत आहेत. न्यू जर्सीतील इंग्लिशटाउनच्या ओल्ड ब्रिज रेसवे पार्कने १९६५पासूनची ड्रॅग शर्यतीची परंपरा २०१८च्या आरंभी थांबवली. टेक्सासमधील ह्यूस्टन रेसवे पार्क ३४ वर्षांनंतर २०२२मध्ये बंद झाले. कोलोरॅडोतील मॉरिसन येथे १९५८पासून एकाच कुटुंबाने चालवलेली ‘बँडिमिअर स्पीडवे’ २०२३च्या हंगामानंतर शांत झाली. प्रत्येक ठिकाणची कहाणी निराळी असली तरी सूत्र सारखेच आहे. धावपट्टी बांधली तेव्हा ती गावाबाहेर होती. शहर पसरत तिच्यापर्यंत आले आणि जमिनीचा भाव वाढला. शेजारी घरे उभी राहिली की आवाजाच्या तक्रारीही आल्या. वर्षातील मोजके शनिवार-रविवार चालणाऱ्या व्यवसायाच्या हिशेबात ती जमीन मग बसेनाशी झाली. मालकांना दोष देण्यात अर्थ नाही. वारसा सांभाळण्याचा भार एका कुटुंबाने किती पिढ्या वाहावा?

तक्रार करणाऱ्या रहिवाशांचीही बाजू पोकळ नाही. सायलेन्सरविना गरजणारे व्ही-८ इंजिन किलोमीटरभर ऐकू येते आणि शांत झोप हा कोणाचाही हक्क आहे. मात्र धावपट्टी आधीपासून असताना शेजारी घरे बांधण्याची परवानगी नियोजन यंत्रणेने कशी दिली, हा प्रश्न बहुधा कोणी विचारत नाही. शेतीबाबत अमेरिकेने याचे उत्तर शोधले आहे. नंतर राहायला आलेल्या शेजाऱ्याने वास किंवा आवाजाची तक्रार करून जुनी शेती बंद पाडू नये, यासाठी तेथील सर्व ५० राज्यांत कायदे आहेत. तसे संरक्षण धावपट्ट्यांना द्यावे, ही मागणी त्यामुळे अवाजवी म्हणता येत नाही.

धावपट्टीचे समर्थन करताना ती निर्धोक आहे, असा दावा मात्र कोणी करू नये. जून २००८मध्ये इंग्लिशटाउनच्याच धावपट्टीवर स्कॉट कॅलिटा या नामवंत शर्यतपटूचा मृत्यू झाला. त्यानंतर संघटनेने सर्वाधिक वेगवान दोन गटांचे अंतर पाव मैलावरून १,००० फुटांवर आणले. धावपट्टी आणि रस्ता यांतील खरा फरक येथे दिसतो. धावपट्टीवर अपघात झाला की चौकशी होते, नियम बदलतात, अडथळे आणि जाळ्या सुधारतात. रस्त्यावरील शर्यतीत बळी बहुतेकदा वाटसरूचा जातो आणि त्यातून कोणतीही व्यवस्था काही शिकत नाही.

धावपट्टी दिली की रस्त्यावरील शर्यती आपोआप थांबतात काय? सॅन डिएगोचा अनुभव संमिश्र धडा देतो. तेथे १९९०च्या दशकाच्या अखेरीस साथरोगशास्त्राच्या एका प्राध्यापकाच्या पुढाकाराने फुटबॉल स्टेडियमच्या वाहनतळावर पाव मैलाच्या निम्म्या अंतराच्या कायदेशीर शर्यती सुरू झाल्या. रस्त्यावरील शर्यत हा सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न मानला गेला, ही त्यातील मोलाची बाब. त्याच वेळी पोलिसांनी स्वतंत्र पथक नेमले आणि स्थानिक नियमही कडक झाले. त्यामुळे यशाचे श्रेय एकट्या धावपट्टीला देता येत नाही. पर्याय आणि धाक दोन्ही लागतात, एवढेच म्हणता येते. पुढे ते स्टेडियमही पाडले गेले. जॉर्जियातील अटलांटा मोटर स्पीडवेवर शुक्रवारी रात्री सामान्य माणसाच्या गाडीसाठी भरणाऱ्या छोट्या अंतराच्या शर्यती, किंवा २०१६मध्ये मिशिगनच्या पाँटिॲक शहरात वुडवर्ड ॲव्हेन्यू हा ऐतिहासिक रस्ता बंद करून भरवलेल्या अधिकृत ड्रॅग शर्यती याच विचाराच्या आहेत. १९६०च्या दशकात याच रस्त्यावर डेट्रॉइटची पोरे चोरून शर्यती लावीत असत.

शिशाचे ओझे

येथवरची बाजू हौशी शर्यतपटूंच्या पारड्यात जाते. परंतु समाजाकडून संरक्षण मागणाऱ्याने समाजाला काय द्यावे, हाही प्रश्न आहे आणि त्याचे उत्तर शिशापाशी येऊन थांबते. अमेरिकेत रस्त्यावरील वाहनांसाठी शिसेयुक्त पेट्रोल १९९६पासून पूर्णतः निषिद्ध आहे. शर्यतीच्या इंधनाला मात्र त्यातून सूट मिळाली. उच्च दाबाची जुनी इंजिने अशाच इंधनासाठी घडवलेली होती, हे त्यामागील सोयीचे कारण. ‘नॅस्कार’ या वर्तुळाकार शर्यतींच्या संस्थेने २००७मध्ये शिसेविरहित इंधन स्वीकारले. ॲलेक्स हॉलिंग्सवर्थ आणि इव्हान रुडिक या अर्थशास्त्रज्ञांनी २०२१मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात या बदलाच्या आधीची व नंतरची स्थिती तपासली. शिसेयुक्त इंधनाच्या शर्यतींमुळे आसपासच्या भागातील मुलांच्या रक्तातील शिशाचे प्रमाण आणि वृद्धांचे मृत्यू वाढत होते, असा त्यांचा निष्कर्ष आहे. हा अभ्यास ड्रॅग शर्यतींचा नाही, हे मान्य. पण शिसे तेच आहे, आणि मुलांच्या रक्तात शिशाची कोणतीही पातळी सुरक्षित मानलेली नाही.

विशेष म्हणजे या आक्षेपाचे उत्तर इंजिन बांधण्याच्या कलेतच दडलेले आहे. शिसे दोन कामे करीत असे. दाबाखाली इंधन अवेळी पेटू न देणे हे एक आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह व त्याची बैठक यांच्यामध्ये उशीसारखे राहून झीज रोखणे हे दुसरे. दुसऱ्या कामासाठी हेडमध्ये कठीण पोलादाच्या व्हॉल्व्ह सीट बसवता येतात, आणि जुन्या इंजिनांच्या बांधणीत हे आता नित्याचे काम झाले आहे. पहिल्यासाठी खोलगट माथ्याचे पिस्टन घालून दाबगुणोत्तर थोडे उतरवता येते, उष्णता लवकर सोडणारे ॲल्युमिनियमचे हेड लावता येते, किंवा ८५ टक्क्यांपर्यंत इथेनॉल असलेल्या इंधनासाठी कार्ब्युरेटरचे जेट मोठे करून रबरी नळ्या बदलता येतात. मूळ सुटे भागच वापरण्याचा ज्यांचा आग्रह असतो, त्यांना ॲल्युमिनियमचे हेड रुचणार नाही. परंतु व्हॉल्व्ह सीट आणि पिस्टन बाहेरून दिसत नाहीत आणि मूळ रूपही बिघडवत नाहीत. क्षणाच्या दहाव्या-शंभराव्या भागाचा वेग कमी होईल. मात्र सर्वांसाठी नियम एकच असेल तर कोणाचेही स्थान बदलणार नाही.

कायद्याने रेषा कोठे ओढावी?

संघराज्य पातळीवरील वाद याहून गुंतागुंतीचा आहे. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने, म्हणजे ‘ईपीए’ने, २०१५मध्ये एका नियमाच्या मसुद्यात असे सूचित केले, की रस्त्यासाठी प्रमाणित झालेली गाडी केवळ शर्यतीसाठीही बदलता येणार नाही. गदारोळ झाल्यावर एप्रिल २०१६मध्ये तो मजकूर मागे घेण्यात आला. शर्यतीसाठी गाडी बदलण्याचा हक्क स्पष्ट करणारे विधेयक त्याच वर्षापासून काँग्रेसमध्ये पुन्हा पुन्हा मांडले गेले आणि रखडत राहिले. दुसरीकडे संस्थेची चिंताही निराधार नव्हती. सुमारे दशकभरात साडेपाच लाखांहून अधिक डिझेल पिकअप ट्रकांची प्रदूषण-नियंत्रक यंत्रणा काढून टाकली गेल्याचा अंदाज तिने २०२०मध्ये प्रसिद्ध केला. ‘केवळ शर्यतीसाठी’ असे लेबल लावून विकलेली उपकरणे प्रत्यक्षात रोजच्या रस्त्यावर धूर ओकत होती.

जुन्या मसल कारचे हौशी मालक या लबाडीच्या आडोशाला उभे राहिले, ही त्यांची मोठी चूक. धुराविषयीचे संघराज्यीय मानक मुळात १९६८च्या मॉडेलपासून लागू झाले. त्याआधीच्या बहुतेक गाड्यांत काढून टाकण्यासारखी फारशी यंत्रणा नाही, आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टर १९७५च्या मॉडेलपासून सर्रास आले. मर्यादित संख्येच्या, वर्षातून मोजके दिवस धावणाऱ्या गाड्या आणि रोज शेकडो किलोमीटर धावणारे लाखो ट्रक यांना एकाच तराजूत तोलणे अन्याय्य आहे. पण हा भेद कायद्यात उतरवायचा, तर वय, वापर आणि धावलेले अंतर यांची मोजता येणारी अट स्वीकारावी लागेल. कॅलिफोर्नियात १९७५पर्यंतच्या गाड्यांना धूर तपासणीतून सूट आहे. ती ३५ वर्षांपूर्वीच्या गाड्यांपर्यंत वाढवणारे, जे लेनो यांच्या नावाने ओळखले गेलेले विधेयक २०२५मध्ये विधिमंडळाच्या समितीतच अडले.

अशी रेषा ओढणे किती अवघड असते, याचा प्रत्यय भारतातही येतो. केंद्र सरकारने २०२१मध्ये व्हिंटेज वाहनांसाठी स्वतंत्र नोंदणीचे नियम केले. वाहन ५० वर्षांहून जुने असावे, मूळ स्वरूपात असावे आणि त्यात मोठे फेरफार झालेले नसावेत, अशी व्याख्या केली आणि नेहमीच्या वापरासाठी ते रस्त्यावर आणण्यास मनाई केली. जतनाच्या दृष्टीने हे योग्यच. मात्र ही चौकट जुने वाहन पाहण्याची वस्तू मानते, चालवण्याचे यंत्र नव्हे. वेगाची हौस असलेल्यांसाठी लोणावळ्याजवळच्या ॲम्बी व्हॅलीच्या विमान धावपट्टीवर भरलेल्या ड्रॅग शर्यतींसारखे उपक्रम अपवादात्मकच राहिले, आणि नवी मुंबईच्या पाम बीच मार्गावर किंवा मुंबईच्या पश्चिम उपनगरांत रात्री दुचाकींच्या शर्यती रोखण्यासाठी पोलिसांना नाकाबंदी करावी लागते, हे शहरवासीयांना ठाऊक आहे. अमेरिकेने १९५०च्या दशकात जी सांगड घातली, ती येथे अद्याप घातली गेलेली नाही.

अमेरिकेपुढे आज असलेला पर्याय स्पष्ट आहे. धावपट्टी ही सार्वजनिक सुरक्षिततेची सोय आहे, हे मान्य करून नियोजन आराखड्यात तिला संरक्षण द्यायचे आणि त्या बदल्यात शिसेविरहित इंधन, आवाजाच्या ठरावीक वेळा व मोजके दिवस यांची अट घालायची. किंवा दोन्ही बाजूंनी आपापला हट्ट चालू ठेवायचा आणि उरलेल्या धावपट्ट्या बांधकाम व्यावसायिकांच्या हवाली होताना पाहायच्या. या सौद्यातील पहिले पाऊल शर्यत संस्थांनी उचलायला हवे. इंधनाचा नियम बदलण्यासाठी त्यांना कोणत्याही कायदेमंडळाची वाट पाहावी लागत नाही. नियमपुस्तिकेत एक ओळ पुरेशी आहे. झिजलेला सिलिंडर बोअर करता येतो, मोडलेला क्रँक बदलता येतो, ब्लॉकदेखील नवा ओतता येतो. शहराने गिळलेली अर्धा-पाऊण मैल लांबीची सरळ, सपाट जमीन मात्र कोणत्याही यंत्रशाळेत पुन्हा घडवता येत नाही. ती गेली की गाड्या थांबत नाहीत. त्या पुन्हा रस्त्यावर येतात.